केसांचा स्वभाव आणि केशरोपणाची सीमा

(लखनऊ छावणीतील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय केस हा आहे, हे निमंत्रणपत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. छावणीत केस बारीक ठेवण्याची शिस्त. तेथे या विषयावर तासभर बोलण्याजोगे काय असणार? परंतु ज्या घरात विशी-पंचविशीचा मुलगा आहे, त्या घरातील आईवडिलांना हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटणार नाही. कपाळ मागे सरकू लागले की मुलगा आरशापुढे अधिक वेळ उभा राहतो. लग्नाची बोलणी निघाली की त्याची चिंता वाढते. मग ‘एका दिवसात भरघोस केस’ अशा जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात आणि प्रसंगी कर्ज काढूनही शस्त्रक्रिया करून घेण्याची भाषा सुरू होते. ही भाषा करण्यापूर्वी त्याला जे ठाऊक असावयास हवे, ते सांगण्याचा आज माझा प्रयत्न आहे.

मी वैद्यकशास्त्राची पदवीधर नाही. मराठी विषयात एम.ए. केल्यानंतर शास्त्रीय ग्रंथांचे अनुवाद करणे हा माझा व्यवसाय झाला. त्यामुळे कोणी कोणता उपचार घ्यावा, हे सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. तो तज्ज्ञ वैद्यांचा आहे. मात्र अनुवादकाला प्रत्येक संज्ञेपाशी थांबून एक प्रश्न विचारावाच लागतो : या शब्दाने सुचविलेली क्रिया प्रत्यक्षात कोणती? तोच प्रश्न आपण ‘हेअर ट्रान्सप्लांट’ या शब्दाला विचारू.

मराठीत या क्रियेला केशरोपण म्हणतात. रोपण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भाताची लावणी येते. तरव्यातील रोपे उपटावयाची आणि चिखलणी केलेल्या खाचरात लावावयाची. उपमा बऱ्याच अंशी योग्य आहे. पण एका ठिकाणी ती फसवी आहे. तरव्यात पुढच्या वर्षी पुन्हा बी पेरता येते. डोक्याच्या मागील भागातून काढलेला केस मुळासकट निघतो आणि त्या जागी दुसरा उगवत नाही. केशरोपणात केसांची संख्या एकानेही वाढत नाही. आहेत त्यांतले काही एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातात, इतकेच.

दुसरा शब्द मला अधिक बोलका वाटतो : कलम. कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. खाली मूळ रायवळचे असले, तरी त्या काडीला फळ येते ते हापूसचेच. लखनऊकरांना तर हे सांगावयास नकोच. जवळच्या मलिहाबादेत कलीमुल्ला खान यांनी एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींच्या आंब्यांची कलमे केली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एकाच बुंध्यातून रस घेणाऱ्या त्या फांद्या आपापल्या जातीचे फळ देतात. नवी जागा मिळाली म्हणून काडी आपली जात सोडत नाही. केसांचेही बहुतांशी तसेच आहे, आणि केशरोपणाचे सारे यश व त्याच्या साऱ्या मर्यादा या एकाच गोष्टीतून निघतात.

ही गोष्ट शास्त्राला कशी कळली, ते थोडक्यात पाहू. जपानमधील डॉ. शोजी ओकुडा यांनी १९३९ साली केसांसह त्वचेचे लहान गोल तुकडे काढून ते केस गेलेल्या जागी बसविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. महायुद्धाच्या धामधुमीत तिच्याकडे जगाचे लक्ष गेले नाही. पुढे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ पासून स्वतंत्रपणे असे प्रयोग केले आणि १९५९ साली त्यांचे निष्कर्ष मांडले. त्यांनी मागील भागाची केसाळ त्वचा टकलाच्या जागी बसविली आणि टकलाची त्वचा केसाळ भागात बसविली. केसाळ तुकड्यावर केस वाढतच राहिले. टकलाच्या तुकड्यावर, सभोवती केसांचे रान असूनही, ते उगवले नाहीत. यावरून पुरुषांच्या नेहमीच्या टकलात केसाचे भवितव्य मुख्यतः त्याच्या स्वतःच्या मुळात लिहिलेले असते, ते रोपलेल्या जागेवर अवलंबून नसते, असा सिद्धांत निघाला. त्याला ‘दात्या भागाचे प्राबल्य’ असे म्हणता येईल.

त्याआधी १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन यांनी टक्कल आणि पुरुषी संप्रेरक यांचा संबंध दाखवून दिला होता. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या माणसात या संप्रेरकामुळे कपाळाकडील व टाळूवरील केशकूप, म्हणजे त्वचेतील ज्या कुपीवजा पोकळीतून केस उगवतो त्या जागा, हळूहळू आक्रसतात. जाड केसांच्या जागी मऊ लव येते. कानांच्या वर व मानेच्या वरच्या बाजूस असलेल्या पट्ट्यातील केशकूप मात्र या संप्रेरकाला फारसे दाद देत नाहीत. टक्कल पडलेल्या माणसाच्या डोक्याभोवती केसांची झालर उरते ती यामुळेच. आणि शस्त्रक्रियेसाठी केस घेतले जातात तेही या झालरीतूनच.

आता केसांच्या स्वभावाकडे वळू. केसांना आपण सरळ, नागमोडी, कुरळे, राठ, रेशमी अशी विशेषणे लावतो. या साऱ्या गुणांचा उगम त्वचेच्या आत आहे. सरळ केसाचा कूप बहुधा सरळ उतरलेला असतो. कुरळ्या केसाचा कूप आतच वळलेला असतो आणि त्याच्या तळाशी पेशींची वाढ दोन्ही बाजूंना सारखी होत नाही. केस बाहेर पडतो तो हा बाक घेऊनच. केसाचा व्यास साधारणतः ५० ते १०० मायक्रॉन असतो, आणि तोही कूपाच्या आकारावर ठरतो. पूर्व आशियातील लोकांच्या जाड केसांशी संबंधित असलेला एक जनुकीय फरक शास्त्रज्ञांना सापडला आहे; केसांच्या कुरळेपणाशी संबंध असलेली जनुकेही ज्ञात झाली आहेत.

या विविधतेसाठी परदेशी जावयास नको. पूर्व हिमालयातील जवानांचे केस बहुधा सरळ व जाड असतात, हे छावणीत राहणाऱ्यांनी पाहिलेच आहे. उलट, उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ व मुंडगोड या भागांतील सिद्दी समाज घ्या. त्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले. इतकी शतके भारताच्या मातीत राहूनही पुष्कळांच्या केसांची घट्ट वलये टिकून आहेत. जंजिऱ्याच्या सिद्दींचे नाव मराठी इतिहासात कोणाला ठाऊक नाही? या लखनऊ शहरातही नवाब वाजिद अली शाहांच्या पदरी हबशी शिपाई होते. केसांचा स्वभाव हा पिढ्यांचा वारसा आहे. हवापाण्याने किंवा तेलाने तो बदलत नाही.

येथे एका जुन्या समजुतीचा उल्लेख करावासा वाटतो. बाळाचे जावळ काढले की केस दाट येतात, असे आपल्याकडे मानतात. जावळ हा संस्कार म्हणून प्रिय असेल तर जरूर करावा; परंतु वस्तऱ्याचा परिणाम त्वचेच्या आतील कूपावर होत नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधिकेने १९२८ सालीच मोजमापे घेऊन दाखविले की, दाढी केल्याने केस जाड होत नाहीत अथवा अधिक वेगाने वाढतही नाहीत. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो हाताला राठ लागतो, एवढेच. रसायनांनी केस सरळ करण्याचेही असेच. केराटिन या प्रथिनातील बंध तोडून ते नव्याने जुळविले की बाहेर आलेला केस सरळ होतो; मुळातून येणारा नवा केस पुन्हा आपल्या वळणावरच जातो.

केसाचा स्वभाव मुळात असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे रोपणाचे परिणाम समजणे सोपे जाते. मागचा राठ केस कपाळावर लावला तर तो तेथेही राठच राहतो. कपाळाच्या अगदी कडेचे नैसर्गिक केस तलम असतात. म्हणून कुशल शल्यचिकित्सक त्या ओळीसाठी एकेकटे व त्यातल्या त्यात बारीक केस निवडतो. भुवयांवर डोक्याचे केस लावले तर ते डोक्यावरच्यासारखे वाढत राहतात आणि वरचेवर कापावे लागतात. दाढीचे केस टाळूवर लावता येतात, पण ते जाड व खरखरीतच राहतात. छातीचे केस लावले तर ते डोक्यावरील केसांइतके लांब होण्याची आशा धरता येत नाही, कारण त्यांचा वाढीचा काळच अल्प असतो. हा नियम सर्वस्वी निरपवाद नाही. केस डोक्यावरून पायावर लावला असता त्याची वाढ मंदावते, असे दक्षिण कोरियातील संशोधकांना २००२ साली आढळले. रोपणानंतर पहिले काही महिने केस अधिक वेडेवाकडे व कोरडे येणे हेही पुष्कळदा घडते, आणि कालांतराने ते बहुधा पूर्ववत होतात. परंतु कुरळ्या केसाच्या माणसाला सरळ केस किंवा तलम केसाच्या माणसाला दाट जाड केस देण्याची शक्ती या शस्त्रक्रियेत नाही.

आता थोडा हिशेब मांडू. कारण जाहिराती नेमका हाच सांगत नाहीत. माणसाच्या डोक्यावर साधारणतः १ लाख केस असतात. न गळणाऱ्या झालरीत त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा, म्हणजे २५,००० केस येतात. मागचा भाग उघडा न दिसू देता त्यांतले फार तर निम्मे काढता येतात. म्हणजे जन्मभराची एकूण पुंजी सुमारे १२,५०० केसांची. पूर्ण टक्कल पडले तर ज्या क्षेत्रावर एके काळी ७५,००० केस होते, ते या पुंजीने झाकावयाचे असते. त्वचेत केस एकेक, दोन-दोन, तीन-तीन अशा लहान पुंजक्यांनी उगवतात. रोपणही पुंजक्यांचेच होते. सरासरी दोन केसांचा पुंजका धरला तर ही पुंजी ६,००० पुंजक्यांच्या आसपास येते. हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. कोणाची पुंजी अधिक असते, कोणाची कमी. पण ती कोणाचीच अक्षय नसते.

एवढ्याने डोके भरलेले दिसावे कसे? येथे केसांचा पोत निर्णायक ठरतो. एका माणसाच्या केसाचा व्यास ६० मायक्रॉन आणि दुसऱ्याच्या केसाचा ८० मायक्रॉन आहे असे समजा. फरक डोळ्यांना दिसणारही नाही. परंतु छेदाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणून दुसऱ्याचा प्रत्येक केस पहिल्याच्या जवळजवळ पावणेदोन पट जागा भरून काढतो. सारख्याच संख्येचे केस लावूनही एकाचे डोके भरलेले दिसेल, दुसऱ्याचे विरळ. नागमोडी व कुरळे केस एकमेकांवर पसरतात आणि टाळू झाकतात; सरळ केस खाली पडतात आणि त्यांच्या मधून त्वचा डोकावते. केस व त्वचा यांच्या रंगांतील अंतर जितके कमी, तितका विरळपणा कमी जाणवतो. शेजाऱ्याच्या मुलाला जे फळ मिळाले तेच आपल्या मुलाला मिळेल, असे म्हणता येत नाही ते याच कारणाने.

तथापि कुरळ्या केसांना जो लाभ मिळतो, त्याची किंमत शस्त्रक्रियेच्या वेळी मोजावी लागते. हल्ली प्रचलित असलेल्या एका पद्धतीत सुमारे १ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने एकेक पुंजका सुटा करून काढतात. पाते सरळ जाते. कुरळ्या केसाचा कूप मात्र आत वळलेला असतो. वरून दिसणाऱ्या केसाच्या दिशेवरून आतील वळणाचा अंदाज चुकला तर मूळच कापले जाते, आणि पुंजीतला तो केस कायमचा वाया जाण्याचा धोका असतो. म्हणून अशा केसांसाठी वेगळे कौशल्य, प्रसंगी वेगळे पाते, किंवा त्वचेची पट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पुंजके सोडविण्याची दुसरी पद्धत निवडावी लागते. तिच्यात मागे रेघेसारखा व्रण राहतो; फौजी धाटणीने केस कापणाऱ्याने हेही विचारात घ्यावयास हवे. ज्यांच्या त्वचेवर जखमेनंतर जाड, वाढते व्रण उठतात, त्यांनी तर अधिकच सावध राहावे.

परक्या माणसाचे केस का लावू नयेत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परक्याचा केशकूप शरीर सहसा स्वीकारत नाही, आणि तो टिकविण्यासाठी प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घ्यावी लागली असती. केसांसाठी तो धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे. कृत्रिम धागे त्वचेत रोवण्याचा उपायही झाला. त्यातून जंतुसंसर्ग व इतर विकार उद्भवले आणि १९८३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा धाग्यांवर बंदी घातली. प्रयोगशाळेत केशकूप वाढवून हवे तितके केस पुरविण्याचे संशोधन चालू आहे. पण तो अद्याप रुग्णालयातील नित्याचा उपचार झालेला नाही.

दुसरी सीमा काळाची आहे. रोपलेला केस टिकला, तरी त्याच्या शेजारचा मूळचा केस टिकेलच असे नाही. टकलाची प्रक्रिया आपल्या गतीने चालूच राहते. बाविसाव्या वर्षी कपाळाची ओळ खाली आणून पुंजीचा मोठा भाग तेथे खर्च केला, आणि चाळिशीत टाळू उघडी पडली, तर पुढे केसांचे बेट आणि मागे मोकळे मैदान असा विद्रूप देखावा उरतो. ते भरून काढावयास शिल्लक काहीच नसते. म्हणूनच विचारी चिकित्सक अगदी तरुण मुलांना थांबावयास सांगतात, घरातील वडीलधाऱ्यांच्या टकलाची चौकशी करतात आणि गरज भासल्यास आधी औषधे सुचवितात. मिनॉक्सिडिल व फिनास्टेराइड ही त्यांतली प्रमुख होत. ती घेत असेपर्यंतच गुण देतात, त्यांचे दुष्परिणामही असू शकतात. म्हणून ती वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

केस गळण्याचे प्रत्येक कारण शस्त्रक्रियेचे नसते, हे भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावे. बाळंतपणानंतर, विषमज्वर किंवा डेंग्यूसारख्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात. बहुधा काही महिन्यांत ते आपोआप परत येतात. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्तीच केशकूपांवर उलटलेली असते. तेथे नवे केस लावले तरी त्यांच्यावरही तोच प्रसंग येऊ शकतो. आपल्या आयुर्वेदातही इंद्रलुप्त व खालित्य असे वेगवेगळे शब्द आहेत. निदानाआधी उपचार ठरविणे हे नाव विचारण्याआधी पत्ता लिहिण्यासारखे आहे.

आता सर्वांत गंभीर भाग. केशरोपणात स्थानिक भूल देऊन कित्येक तास काम चालते. भुलेच्या औषधाची मात्रा शरीराच्या वजनाप्रमाणे मर्यादित ठेवावी लागते; क्वचित तीव्र ॲलर्जीही उद्भवते. असे घडल्यास क्षणाचाही विलंब न लावता प्राण वाचविण्याचे साहित्य आणि ते वापरणारे प्रशिक्षित हात जवळ असावे लागतात. २०१९ साली मुंबईत रोपणानंतर एका व्यावसायिकाचा मृत्यू झाला. येथून जवळच असलेल्या कानपुरात नोव्हेंबर २०२४ व मार्च २०२५ मध्ये दोघा अभियंत्यांना रोपणानंतर प्राण गमवावे लागले, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या व्यक्तीच्या पात्रतेविषयीच प्रश्न उभे राहून प्रकरण पोलिसांकडे गेले. दोष कोणाचा, हे न्यायालये ठरवितील. परंतु ज्या विकाराने जिवाला कसलाही अपाय होत नाही, त्याच्या उपचारात जीव जावा, यासारखी खेदाची गोष्ट नाही. विश्वास टाकणाऱ्याचा केसाने गळा कापणे, हा वाक्प्रचार अशा वेळी फार क्रूर अर्थाने आठवतो.

राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२ साली याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. हे काम प्लास्टिक शल्यचिकित्सा किंवा त्वचारोगशास्त्र यांसारख्या विषयांचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यानेच करावे. केवळ कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूबवरील चित्रफिती बघून ते शिकता येत नाही. साहाय्यकांनी पात्र वैद्याच्या देखरेखीखालीच मदत करावी, असा त्यांचा आशय आहे. म्हणून जाहिरातीतील छायाचित्रे पाहण्याआधी चार प्रश्न विचारावेत. माझे केस कशामुळे गळत आहेत? प्रत्यक्ष पाते कोण चालविणार आणि त्याची नोंदणी कोठे आहे? माझ्या केसांच्या जाडीचा, वळणाचा आणि मागील पुंजीचा विचार करता मला काय मिळणार नाही? आणि प्रकृती अचानक बिघडली तर येथे कोणती सोय आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर जो मोकळेपणाने देईल, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास अधिक आधार आहे. निर्णय झाल्यावरही धीर हवा. लावलेले केस काही आठवड्यांत गळून पडतात, मूळ आत राहते, तीन-चार महिन्यांनी नवी वाढ दिसू लागते आणि खरा परिणाम कळावयास सुमारे वर्ष लागते. ‘एका दिवसात’ होते ती फक्त शस्त्रक्रिया.

बंधुभगिनींनो, केशरोपण ही थट्टेची अथवा निंदेची गोष्ट आहे, असे मी मानत नाही. भाजल्यामुळे किंवा अपघाताने केस गमावलेल्या अनेकांना तिने दिलासा दिला आहे. टक्कल असलेल्या प्रौढ माणसाने पूर्ण माहितीनिशी ती करून घेतली, तर तो त्याचा अधिकार आहे. मात्र कलम करणारा माळी आधी काडी पाहतो, मग खुंट पाहतो, ऋतू पाहतो, आणि हापूसच्या काडीपासून दशहरीची अपेक्षा करीत नाही. आपल्या मुलांनीही आपले केस असेच ओळखावेत. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे करावे की, मुलाची किंमत त्याच्या कपाळाच्या रुंदीवरून होऊ देऊ नये. असे झाले तर घाईने आणि भीतीने घेतले जाणारे पुष्कळसे निर्णय घेतलेच जाणार नाहीत.